जगातली सर्वांत उंच शिखरं: प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का?

निरभ्र

गेले काही दिवस एक तक्ता करतोय. आठ हजार मीटरच्या वरची चौदा शिखरं, त्यांची उंची आणि पहिली चढाई कधी झाली, एवढंच. एका बैठकीत होईल म्हणून बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. एव्हरेस्टचे मला पाच आकडे मिळाले: ८८४८, ८८४८.१३, ८८५०, ८८४४.४३ आणि ८८४८.८६. शाळेपासून डोक्यात पक्का बसलेला ८८४८. मग बाकीचे कुठून आले?

बरं, हे एकट्या एव्हरेस्टचं नाही. के-२ (८६११), कांचनजंगा (८५८६) आणि ल्होत्से (८५१६) यांवर बहुतेकांचं एकमत दिसतं. त्याखाली मकालू कुठे ८४८५ तर कुठे ८४८१, चो ओयू ८१८८ किंवा ८२०१. धवलगिरी ८१६७, मनास्लू ८१६३, नंगा पर्बत ८१२६ किंवा ८१२५, अन्नपूर्णा-१ ८०९१. शेवटच्या चार ओळींत तर पुरता गोंधळ आहे: गाशरब्रुम-१ ८०८० की ८०६८, ब्रॉड पीक ८०५१ की ८०४७, गाशरब्रुम-२ ८०३४ की ८०३५, आणि शिशापांग्मा ८०२७, ८०१३ की ८०४६!

ब्रॉड पीक आणि गाशरब्रुम-२ यांच्यात वीस मीटरचाही फरक नाही. तिथे चार-पाच मीटर इकडेतिकडे होणं मला स्वस्थ बसू देत नाही. यातला खरा आकडा कोणता मानायचा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाचनमात्र

छान विषय. मलाही हा प्रश्न पडला होता, पण विचारायचं राहून गेलं. बाजूला खुर्ची टाकून बसतो.

ओळंबा

निरभ्र, मी बरीच वर्षं सर्वेक्षणाच्या कामात काढली आहेत, त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही. तुमच्या पाच आकड्यांपैकी एकही कुणी हवेतून काढलेला नाही. मात्र ते सगळे एकाच गोष्टीचे आकडे नाहीत.

आधी ८८४४.४३ घ्या. हा २००५ च्या चिनी मोजणीचा आकडा आहे, आणि तो खडकाचा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर बर्फाची टोपी आहे, तिची जाडी त्या मोजणीत रडारने सुमारे साडेतीन मीटर आली. त्यांनी ती वजा करून खालच्या खडकाची उंची जाहीर केली. साडेतीन मीटर परत मिळवून बघा, ८८४७.९३ होतात. म्हणजे तुमच्या शाळेतल्या आकड्याला हात लागतोच.

यावर नेपाळ आणि चीनमध्ये बरीच ताणाताणी झाली. नेपाळचं म्हणणं, जगभर शिखराची उंची बर्फासकट धरतात, मग आमच्याच शिखराला वेगळा न्याय का? २०१० मध्ये दोघांनी एकमेकांचे आकडे मान्य केले, बर्फाची उंची ८८४८ आणि खडकाची ८८४४.

८८५० हा १९९९ मधल्या अमेरिकन मोहिमेचा, माथ्यावर जीपीएस यंत्र नेऊन काढलेला. ८८४८.१३ हा १९७५ च्या चिनी मोजणीचा. साधा ८८४८ हा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बी. एल. गुलाटी यांच्या १९५५ च्या गणिताचा, मूळ आकडा २९,०२८ फूट. आणि ८८४८.८६ हा सर्वांत अलीकडचा. नेपाळने २०१९ मध्ये आणि चीनने २०२० मध्ये मोजणी केली आणि ८ डिसेंबर २०२० रोजी दोघांनी मिळून तो जाहीर केला. हा बर्फासकट आहे.

हिमरेषा

ओळंबा यांच्या प्रतिसादात थोडी भर घालते. २०१९ ची नेपाळची मोजणी त्यांच्या स्वतःच्या सर्वेक्षण खात्याने केली. तोपर्यंत स्वतःच्याच शिखराची उंची दुसऱ्याने सांगायची आणि यांनी वापरायची असं चाललं होतं. खिमलाल गौतम यांची तुकडी २२ मे २०१९ ला पहाटे तीनच्या सुमारास माथ्यावर पोहोचली. दिवसा तिथे आरोहकांची रांग लागते आणि यंत्र मांडायला निवांत जागा मिळत नाही, म्हणून अंधारात चढले. त्या उंचीवर, त्या वेळी, हातमोजे चढवलेल्या हातांनी उपग्रहाचा रिसीव्हर आणि बर्फाची जाडी मोजायचं रडार लावायचं! पुढच्या वर्षी २७ मे ला चिनी तुकडी वर गेली आणि तिथे अडीच तास थांबली. माथ्यावर पोहोचल्यावर जिथे पाच-दहा मिनिटांत परतायची घाई लागते, तिथे अडीच तास.

दशांश चिन्हानंतरचे ते दोन आकडे वाचताना मला ही माणसं आठवतात.

अनामिका७

पण बर्फ तर कमीजास्त होतो ना? मग बर्फासकट उंचीला अर्थ काय राहिला? उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात एक?

हिमरेषा

अगदी योग्य शंका, आणि याची फार बोलकी उदाहरणं युरोपात आहेत. मों ब्लांचा माथा म्हणजे बर्फाचा जाड घुमट. २००१ पासून त्याची दर दोन वर्षांनी मोजणी होते. २००७ मध्ये ४८१०.९० मीटर आली, २०२१ मध्ये ४८०७.८१ आणि २०२३ मध्ये ४८०५.५९. आतला खडक मात्र ४७९२ वर स्थिर. वाऱ्याने बर्फ कुठे नेऊन टाकला यावर तिथल्या सर्वोच्च बिंदूची जागासुद्धा सरकते.

स्वीडनमध्ये याहून मोठी गोष्ट घडली. केब्नेकाइसे या त्यांच्या सर्वोच्च पर्वताला दोन माथे आहेत. दक्षिणेचा हिमनदीचा, उत्तरेचा खडकाचा. पिढ्यान् पिढ्या दक्षिण माथा उंच होता. तो वितळत वितळत सप्टेंबर २०१९ मध्ये २०९५.६ मीटरवर आला आणि उत्तरेचा २०९६.८ चा खडक देशातला सर्वोच्च बिंदू ठरला. इतकी वर्षं शिकवलेलं उत्तर एका उन्हाळ्याने बदललं. मला ती बातमी वाचून खूप वाईट वाटलं होतं.

एव्हरेस्टवर इतका फरक पडत नाही, कारण तिथे वारा जोरदार आहे. ठरावीक जाडीच्या वर साठलेला बर्फ तो उडवून नेतो.

कंपासपेटी

मला या सगळ्यात सर्वांत थरारक भाग वाटतो तो जुन्या मोजणीचा. जीपीएस नाही, माथ्यावर कुणी गेलेलं नाही, नेपाळमध्ये पाऊल टाकायलाही परवानगी नाही. अशा वेळी १८४९-५० मध्ये सर्वेक्षक जेम्स निकल्सन यांनी बिहारच्या सपाटीवरून, पावणेदोनशे किलोमीटरवरच्या एका टोकाचे कोन मोजले. त्या टोकाला नावही नव्हतं, नुसतं 'पीक पंधरा'. त्यावरून गणित करून २९,००२ फूट उंची काढली गेली. आजच्या २९,०३२ फुटांशी तुलना करा, फरक अवघा तीस फुटांचा, म्हणजे नऊ मीटर.

हे किती अवघड होतं ते दाखवायला ढोबळ गणित मांडतो. अंतर १७५ किमी धरू. इतक्या लांबून एव्हरेस्ट क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश साडेअकरा कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतं. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीइतकंच. नुसतं अंतर आणि कोन घेऊन त्रिकोण सोडवला तर उंची येते सुमारे ६६९० मीटर. म्हणजे दोन हजारांहून जास्त मीटर गायब! ते कुठे गेले? पृथ्वीच्या गोलाईत. १७५ किमीवर पृथ्वीचा पृष्ठभाग आपल्या आडव्या नजरेच्या रेषेपासून सुमारे २४०० मीटर खाली गेलेला असतो. ते मिळवा.

आता उलटी दुरुस्ती. खालची हवा दाट आणि वरची विरळ, त्यामुळे शिखरावरून येणारा प्रकाश वाकतो आणि शिखर असतं त्याहून वर दिसतं. त्यासाठी सुमारे ३१० मीटर वजा करा. यंत्र ज्या जागी होतं ती समुद्रसपाटीपासून साधारण ७० मीटर वर, ते मिळवा. ६६९० + २४०० − ३१० + ७० = ८८५०. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत, पण रीत हीच.

यात कोन एका विकलेने, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाने चुकला, तरी उंची ८५ सेंटिमीटरने बदलते. त्यासाठीच ते चोवीस इंची तबकडीचे, कोन मोजायचे अजस्र थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून नेत असत.

अनामिका७

बाप रे! गोलाईचे २४०० मीटर हे मला कधीच सुचलं नसतं. अजून एक ऐकलंय. गणिताचं उत्तर बरोब्बर २९,००० फूट आलं होतं, पण ते अंदाजे सांगितल्यासारखं वाटेल म्हणून वरती दोन फूट चिकटवले. हे खरं आहे का?

ओळंबा

ही गोष्ट सगळीकडे सांगतात, आणि मला ती दर वेळी टोचते. कारण त्यात हे गणित करणारे सर्वेक्षण विभागाचे राधानाथ सिकदार आणि त्यांच्याबरोबरच्या गणनिकांच्या कामावर विनाकारण डाग लागतो. सहा ठाण्यांवरून आलेल्या उंच्या छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. फुटांत अशा: जिरोल २८,९९१.६, मिर्झापूर २९,००५.३, जांजीपती २९,००१.८, लदनिया २८,९९८.६, हरपूर २९,०२६.१ आणि मिनाई २८,९९०.४. यांची सरासरी कागद-पेन्सिल घेऊन काढा. कुणाला दोन फूट चिकटवावे लागले का ते तुम्हीच सांगा.

कंपासपेटी

काढली. बेरीज १,७४,०१३.८, भागिले सहा, २९,००२.३. दोन फूट आपसूक आलेले आहेत. ओळंबा, ही सहा नावं इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः ती दोन फुटांची गोष्ट वर्गात सांगत आलोय. आता ही बेरीज फळ्यावर मांडीन.

निरभ्र

धागा काढल्याचं सार्थक झालं. पण हे सहा आकडे पाहून नवा प्रश्न पडला. हरपूरहून २९,०२६ आणि मिनाईहून २८,९९०. एकाच शिखराच्या दोन उत्तरांत छत्तीस फुटांचा फरक का?

ओळंबा

मुख्य कारण कंपासपेटी यांनी सांगितलेलं तेच, हवेतून वाकणारा प्रकाश, म्हणजेच वक्रीभवन. तो किती वाकेल ते तापमानावर आणि हवेच्या दाबावर ठरतं, आणि ते सकाळी एक, दुपारी एक. वरच्या उदाहरणात वक्रीभवनाची दुरुस्ती गोलाईच्या एक-सप्तमांश धरायची की एक-अष्टमांश, एवढ्याने उंचीत ४३ मीटरचा फरक पडतो. एवढी मोठी अनिश्चितता असताना सहाही उत्तरं छत्तीस फुटांच्या आत बसली, हेच नवल.

गुलाटींचा आकडा इतकी वर्षं का टिकला याचं उत्तरही यातच आहे. त्यांच्या वेळेपर्यंत नेपाळ उघडलं होतं आणि सर्वेक्षकांना शिखराच्या बरंच जवळ जाता आलं. समजा १७५ ऐवजी ६० किमीवरून पाहिलं, तर गोलाईची दुरुस्ती २४०० वरून २८३ मीटरवर येते आणि वक्रीभवनाची चाळीसच्या आत. चुकायला जागाच कमी उरते.

आणि शेवटचा भाग, ज्यावरून मी हे टोपणनाव घेतलं. थिओडोलाइट सरळ उभा करायला ओळंबा लागतो किंवा पाण्याची पातळी. आपण धरून चालतो की ओळंबा सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे जातो. पण शेजारी हिमालयाएवढा ढीग असेल तर तो ओळंब्याला स्वतःकडे ओढतो. फार थोडं, काही विकला. पण विकलेची किंमत किती ते वर आलंच आहे.

भूतरंग

ओळंबा यांनी माझ्या आवडीच्या विषयाचं दार उघडलं. एकोणिसाव्या शतकातल्या भारताच्या महासर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर दोन रीतींनी काढलं, जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांवरून. उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक निघाला. कलियाना हिमालयाच्या जवळ, त्यामुळे तिथला ओळंबा ओढला गेला असणार. १८५५ मध्ये जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या दिसणाऱ्या आकारमानावरून किती ओढ पडायला हवी याचं गणित केलं. ते आलं १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट!

पर्वत एवढा मोठा असून ओढ इतकी कमी का? जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवलं, की पर्वताला खाली मूळ असतं. पाण्यावर तरंगणाऱ्या हिमनगासारखं हलक्या खडकाचं मोठं मूळ खालच्या जड खडकात बुडालेलं असतं, आणि वरच्या ढिगाची ओढ त्यामुळे बरीचशी भरून निघते. पाच विकलांच्या हिशेबातून आपल्याला पर्वताखाली काय आहे ते कळलं. मला हे एव्हरेस्टच्या उंचीपेक्षाही मोठं वाटतं.

वाचनमात्र

न राहवून विचारतो. सगळे 'समुद्रसपाटीपासून' म्हणतात. पण समुद्र तर तिथून कित्येक शे किलोमीटर दूर. शिखराखाली समुद्रसपाटी आहे कुठे?

ओळंबा

हा सगळ्या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न.

कल्पना करा की समुद्राचं पाणी अरुंद कालव्यांनी जमिनीच्या आत, थेट एव्हरेस्टच्या पोटापर्यंत आणलं. भरती-ओहोटी आणि वारा बाजूला ठेवला, तर ते पाणी ज्या पातळीला थांबेल ती तिथली समुद्रसपाटी. या काल्पनिक पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. तो गुळगुळीत नसतो. खाली जड खडक असेल तिथे पाणी ओढलं जाऊन फुगतं, हलका असेल तिथे बसतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो आदर्श लंबगोलापेक्षा (पृथ्वीचा गणिताने धरलेला गुळगुळीत आकार) सुमारे १०६ मीटर खाली आहे. तिथे होडीत बसून उपग्रहाच्या कच्च्या आकड्याकडे पाहिलंत, तर तो तुम्ही समुद्राच्या शंभर मीटर खाली आहात असं सांगेल.

उपग्रहाला जिऑइड ठाऊक नसतो, त्याला फक्त तो गणिती लंबगोल ठाऊक असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर रिसीव्हरचा कच्चा आकडा सुमारे ८८२० येतो. तिथे जिऑइड लंबगोलाच्या पंचवीस-तीस मीटर खाली आहे, तेवढे मिळवल्यावर ८८४८ च्या घरात पोहोचतो. त्यामुळे २०१९ मध्ये माथ्यावर यंत्र नेणं जितकं महत्त्वाचं होतं, तितकंच महत्त्वाचं होतं खालच्या प्रदेशात ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षण मोजत फिरणं. त्या लोकांचे फोटो कुणी काढत नाही.

पूर्वी नेपाळच्या बाजूचे आकडे बंगालच्या उपसागरापासून मोजलेले असत आणि चीनचे पीत समुद्रापासून. २०२० च्या संयुक्त आकड्यासाठी दोघांनी एकच आंतरराष्ट्रीय संदर्भपातळी धरली, म्हणून मी त्याला सर्वांत जास्त वजन देतो.

अनामिका७

मग पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर? कुठला समुद्र, कुठला जिऑइड हा वादच नको.

कंपासपेटी

मग एव्हरेस्ट पहिलं राहत नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ६३७८ किमी आणि ध्रुवाशी ६३५७, म्हणजे एकवीस किलोमीटरचा फरक. इक्वेडोरमधलं चिंबोराझो समुद्रसपाटीपासून ६२६३ मीटर, पण विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दीड अंशावर. त्याचा माथा केंद्रापासून ६३८४.४ किमीवर आहे. एव्हरेस्ट अठ्ठावीस अंशांवर असल्याने त्याचा ६३८२.३ वर. चिंबोराझो दोन किलोमीटरने पुढे.

गंमत म्हणजे जर्मन निसर्गसंशोधक हम्बोल्ट १८०२ मध्ये चिंबोराझो चढायला गेले, तेव्हा ते जगातलं सर्वांत उंच शिखर आहे अशीच समजूत होती. नंतर हिमालयातले आकडे येऊ लागले तेव्हा युरोपात कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ब्रिटिश सर्वेक्षक वेब यांनी धवलगिरीची उंची २६,८६२ फूट काढली. आजच्या आकड्यापेक्षा ती जेमतेम सत्तर फुटांनी जास्त आहे, पण तेव्हा ती अशक्य मानली गेली. मग काही काळ धवलगिरी पहिलं, मग कांचनजंगा, आणि १८५६ मध्ये भारताच्या सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी पीक पंधराचा आकडा जाहीर केला.

पायथ्यापासून मोजायचं तर हवाईचं माउना केआ. पाण्याच्या वर ४२०७ मीटर, पण समुद्रतळावरच्या पायथ्यापासून दहा हजारांच्या वर.

भूतरंग

आणि हे सगळं स्थिर नाही, हेही तक्त्यात कुठेतरी यायला हवं. भारताची भूखंडपट्टी आशियाला धडकून सुमारे पाच कोटी वर्षं झाली आणि ती ढकलणं अजून थांबलेलं नाही. एव्हरेस्टच्या माथ्याचा खडक हा उथळ समुद्रात साठलेला चुनखडक आहे. त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच असलेला बिंदू एके काळी समुद्राखाली होता.

शिखर वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. २०२४ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी अरुण नदी कोसीच्या जाळ्याला येऊन मिळाली आणि तिने एव्हरेस्टच्या पूर्वेची प्रचंड दरी कोरून काढली. एवढा दगड वाहून गेल्यावर कवचावरचं ओझं हलकं झालं आणि आजूबाजूचे पर्वत वर तरंगले. त्यातून एव्हरेस्टची उंची १५ ते ५० मीटरने वाढली असावी असा निष्कर्ष आहे. प्रॅट-एअरींचं तेच तत्त्व, नदीच्या हातून.

उलट २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने काठमांडूचा परिसर जवळपास मीटरभर वर आला, पण एव्हरेस्ट मात्र तीनेक सेंटिमीटर नैर्ऋत्येला सरकलं. त्या भूकंपाने उंची बदलली असेल का, हे पाहणं हा पुढच्या मोजणीमागचा एक मोठा हेतू होता.

निरभ्र

आता राहिला के-२ चा प्रश्न. के-२ एव्हरेस्टहून उंच आहे असं मी लहानपणी कुठेतरी वाचल्याचं पक्कं आठवतं. ते काय होतं?

ओळंबा

तुमची आठवण बरोबर आहे. १९८७ च्या सुमारास अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज वॉलरस्टाइन यांच्या उपग्रहाधारित मोजणीवरून तशी शक्यता पुढे आली आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी आर्दितो देसिओ यांच्या इटालियन तुकडीने दोन्ही शिखरं एकाच पद्धतीने मोजली. के-२ आलं ८६१६ आणि एव्हरेस्ट ८८७२. एव्हरेस्टचा तो आकडा आज कुणी वापरत नाही. पण दोन्हींना एकच मोजपट्टी लावल्यामुळे पहिलं कोण हे मात्र स्पष्ट झालं.

तुमच्या शेवटच्या चार ओळींचं दुखणंही हेच आहे. एव्हरेस्टवर जेवढी मेहनत पुनःपुन्हा झाली, तेवढी त्या चार शिखरांच्या वाट्याला आलेली नाही. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या संदर्भपातळ्यांवरून काढलेले आकडे शेजारीशेजारी ठेवले जातात.

हिमरेषा

आठ हजार हा आकडासुद्धा माणसानेच धरलेला आहे ना. ग्याचुंग कांग हे शिखर ७९५२ मीटरचं आहे, चो ओयू आणि एव्हरेस्टच्या मधोमध. जगात पंधरावं. अठ्ठेचाळीस मीटर कमी पडले आणि त्याचं नाव गिर्यारोहकांच्या बाहेर जवळपास कुणाला ठाऊक नाही. फुटांत मोजणाऱ्यांना ही रेषा २६,२४७ फुटांवर येते, जिथे कुणी आपणहून रेषा आखली नसती.

उलट कांचनजंगाचं यालुंग कांग हे उपशिखर ८५०५ मीटर आहे, मकालूहून उंच. तरी चौदांत नाही, कारण मुख्य माथ्यापासून वेगळं होण्याइतकी खोल खिंड मध्ये नाही. ल्होत्सेला मात्र जागा मिळाली. एव्हरेस्ट आणि त्याच्यामधली साउथ कोल ७९०६ वर आहे, म्हणजे ल्होत्से खिंडीपासून ६१० मीटर वर उठतं. के-२ आपल्या सर्वांत उंच खिंडीपासून चार हजारांच्या वर उठतं. तक्त्यात हा एक रकाना वाढवाल का? शिखर स्वतःच्या पायावर किती उभं आहे ते त्यातून कळतं.

आणि 'माथा' म्हणजे नेमकं कुठे, हाही प्रश्न आहेच. मनास्लूवर अनेक वर्षं बरेच आरोहक अलीकडच्या उंचवट्यावरून परतत होते. २०२१ मध्ये ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात खरा माथा कड्यावर थोडा पुढे, काही मीटर वर असल्याचं स्वच्छ दिसलं. तो चार पावलांचा तुकडा फार धारदार आहे. तिथे दोर न बांधता जाणं जिवावरचं काम, त्यामुळे परत फिरलेल्यांना मी दोष देत नाही. पण नोंद करताना ती जागा कोणती हे लिहायलाच हवं.

निरभ्र

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता नव्याने मांडतोय. उंचीसमोर आता तीन रकाने आहेत: मोजणीचं वर्ष, बर्फासकट की खडक, आणि खिंडीपासूनचा उठाव. एव्हरेस्टची ओळ पूर्ण भरली: ८८४८.८६, २०२०, बर्फासकट. बाकी तेरांपैकी बऱ्याच ओळींत पहिले दोन रकाने रिकामे आहेत. जिथे दोन आकडे सापडले तिथे दोन्ही लिहिलेत, कुठलाही पुसलेला नाही. पहिल्या चढाया अन्नपूर्णा (३ जून १९५०) पासून शिशापांग्मा (२ मे १९६४) पर्यंत क्रमाने लावल्या आहेत. चूक दिसली तर सांगा.

हिमरेषा

तक्ता पाहिला, सुरेख झालाय. एकच दुरुस्ती. कांचनजंगाची तारीख २६ मे १९५५ पडली आहे, ती २५ मे हवी. ब्राउन आणि बँड त्या दिवशी पोहोचले. दुसरी जोडी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे गल्लत झाली असेल. आणि जमलं तर शेजारी एक ओळ लिहा. तो पर्वत सिक्कीमच्या लोकांना पवित्र आहे, म्हणून दोघं दिलेल्या शब्दाप्रमाणे माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले होते.

निरभ्र

दुरुस्त केलं. ती ओळही घातली आहे.